गरिबांसाठी घर बांधणारा वास्तुविशारद : हसन फतही

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात बसून पाहा. पंखा फिरतो, पण वारा गरम येतो. रात्री अकरा वाजले तरी छत तापलेलंच असतं. घरातली म्हातारी माणसं तेव्हा हमखास जुन्या घराची आठवण काढतात. मातीच्या भिंतीचं, धाब्याचं घर किती थंड होतं, असं म्हणतात. आपण त्यांचं बोलणं जुन्या लोकांची हौस म्हणून सोडून देतो. पण याच गोष्टीसाठी एका शिकलेल्या, पदवीधर वास्तुविशारदानं सगळं आयुष्य घातलं. त्यांचं नाव हसन फतही. ते इजिप्तचे. आज जगभरातल्या आर्किटेक्चरच्या कॉलेजांत त्यांचं काम शिकवलं जातं. आपल्या मराठी मुस्लिम घरांत मात्र हे नाव फारसं पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

शेत न पाहिलेला जमीनदाराचा मुलगा

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रियाला झाला. घर खातंपितं, जमीनजुमला भरपूर. पण वडिलांना खेड्याची नावड. खेडं म्हणजे माश्या, डास आणि घाण पाणी, असं त्यांचं मत. त्यामुळे मुलांना त्यांनी शेतावर कधी जाऊ दिलं नाही. आईचं उलटं. तिचं बालपण खेड्यात गेलेलं, आणि ती मुलांना तिथल्या गोष्टी सांगायची. कोकरं, कबुतरं, घरच्या शेतातलं धान्य, या सगळ्याची तिला ओढ होती. एकाच घरात खेड्याची अशी दोन चित्रं होती आणि हसन यांनी मात्र खेडं पाहिलंच नव्हतं.

शेतीची आवड म्हणून त्यांनी शेतकीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचं ठरवलं. प्रवेशाच्या परीक्षेत पिकांबद्दल साधे प्रश्न विचारले गेले आणि त्यांना उत्तरं देता आली नाहीत. प्रवेश हुकला. मग ते वास्तुकलेकडे वळले आणि १९२६ साली कैरोच्या विद्यापीठातून त्यांनी शिक्षण पूर्ण केलं. आमच्यासारख्या शिक्षकांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. एका परीक्षेत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दारानं त्याच गावाकडे पोचला.

वयाच्या २७व्या वर्षी ते पहिल्यांदा आपल्याच घरच्या शेतावर गेले. तिथे राबणाऱ्या मजुरांची खोपटं पाहून ते हादरले. बुटकी, अंधारी, माणूस आणि जनावर एकत्र. आपल्या घराण्याच्या जमिनीवर काम करणारी माणसं अशी राहतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे त्यांना सोसवलं नाही. त्याच सुमारास नोकरीच्या कामानं ते तल्खा नावाच्या गावी शाळा बांधायला गेले. तिथल्या वस्तीची घाण आणि हलाखी पाहून त्यांचं मन उडालं. कॉलेजात त्यांना शिकवलं होतं ते युरोपच्या धर्तीचं बांधकाम. त्या विद्येत या माणसांसाठी काहीच नव्हतं.

छत कुठून आणायचं?

१९३० पासून ते कैरोच्या ललित कला महाविद्यालयात शिकवू लागले. डोक्यात प्रश्न एकच. गरीब शेतकरी सिमेंट, लोखंड, इमारती लाकूड विकत घेऊ शकत नाही. त्याच्याकडे फुकट काय आहे? पायाखालची माती. मातीत पेंढा मिसळून, उन्हात वाळवून विटा पाडायच्या. इजिप्तचा शेतकरी हजारो वर्षं हेच करत आला होता. १९३७ साली फतही यांनी मातीच्या घरांची चित्रं काढून प्रदर्शन भरवलं. लोकांनी कौतुक केलं आणि कामंही मिळू लागली.

पण भिंत मातीची झाली तरी छताला लाकूड लागतंच. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं लाकूड आणि लोखंड मिळेनासं झालं. फतही एका शेतावर घरं बांधत होते. भिंती उभ्या राहिल्या आणि काम अडलं. मातीच्या विटांच्या कमानी करून छत घालायचा प्रयत्न केला, तर त्या कोसळल्या. पदवी होती, पुस्तकं होती, पण मातीचं छत कसं उभं राहतं, ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

त्यांचे भाऊ अस्वान धरणावर इंजिनियर होते. त्यांनी सांगितलं की इकडे दक्षिणेत नुबिया भागातले लोक लाकडाचा टेका न लावता छत घालतात. १९४१ साली फतही आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अस्वानला गेले. तिथल्या गावात शिरले आणि पाहतात तो काय, रांगेनं स्वच्छ, उंच, देखणी घरं आणि प्रत्येकावर मातीच्या विटांचं कमानीचं छत. पुढे लक्सरजवळ त्यांनी रामसेस फिरौनच्या काळातली धान्याची कोठारं पाहिली. सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची, तीही मातीच्या विटांचीच, आणि कमानी अजून उभ्या. ज्याला आपण कच्चं म्हणतो ते इतकं पक्कं निघालं.

हे छत घालतात कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. खोलीची मागची भिंत बाजूच्या भिंतींपेक्षा उंच नेतात. त्या भिंतीवर गवंडी ओल्या गाऱ्यानं कमानीचा आकार काढतो, तोही नुसत्या नजरेच्या अंदाजानं. मग विटांची पहिली कमान त्या भिंतीला टेकवून, जराशी तिरपी रचतो. दुसरी कमान पहिलीवर रेलते, तिसरी दुसरीवर. कोणतीच वीट खाली पडत नाही, कारण प्रत्येकीला मागचीचा आधार असतो. छताच्या विटांमध्ये पेंढा जास्त असतो, म्हणून त्या हलक्या असतात. वीट ओली असतानाच बोटांनी तिच्यावर रेघा ओढतात, म्हणजे गारा घट्ट धरतो. विटेचा आकार साधारण २५ बाय १५ बाय ५ सेंटीमीटर. दोन गवंडी एका छोट्या खोलीचं छत दीड दिवसात पुरं करत. हत्यार म्हणाल तर हात आणि एक वासला.

फतही यांनी पुढे जे केलं ते आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं. कॉलेजचा प्राध्यापक अंगठाबहाद्दर गवंड्यांकडे शिकायला बसला. बगदादी अहमद अली यांच्यासारख्या कारागिरांना त्यांनी उस्ताद मानलं, त्यांना सोबत नेलं आणि अडलेली घरं पूर्ण केली. आपल्याकडे गवंडी, सुतार, रंगारी या कामांत आपल्या समाजाची किती मुलं आहेत! पण मिस्त्रीच्या हातातल्या इल्मला आपण इल्म म्हणत नाही.

गुर्ना : नव्या गावाचं स्वप्न

१९४५ साली त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम आलं. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना नावाची वस्ती होती. सुमारे ७,००० माणसं डोंगरउतारावर, फिरौनांच्या काळातल्या कबरींच्या वरच घरं करून राहत होती. अनेकांचं पोट त्या कबरींवर चालायचं. कोणी पर्यटकांना वाट दाखवायचं, कोणी जुन्या वस्तूंच्या नकला करून विकायचं, आणि काही जण कबरींतला मालही काढून विकायचे. खडकात कोरलेलं एक मोठं शिल्पच चोरीला गेलं तेव्हा सरकार जागं झालं. सगळी वस्ती डोंगरावरून हलवून खाली नवं गाव वसवायचं ठरलं. हे काम पुराणवस्तू खात्यानं फतही यांच्याकडे दिलं.

जागा सुमारे ५० एकर, घरं सुमारे ९००, आणि पैसा बेताचा. फतही यांना एकाच साच्याची रांगेतली घरं बांधता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. डोंगरावर जे नातेवाईक शेजारी शेजारी राहत होते ते नव्या गावातही शेजारीच असावेत, म्हणून गावाचे चार भाग केले. प्रत्येक भावकीला आपलं अंगण. गल्ल्या मुद्दाम वळणाच्या आणि अरुंद ठेवल्या, म्हणजे सावली राहते आणि परका माणूस उगाच आत शिरत नाही. घराच्या मध्ये चौक. बाहेरून भिंत साधी, आत आकाश मोकळं. घरातल्या बायकांना पडदा मोडल्याशिवाय हवा आणि उजेड मिळावा, हा विचार त्यात होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

गावात मशीद, बाजार, नाटकासाठी खुलं प्रेक्षागृह, कारागिरांसाठी खान, मुलांची शाळा आणि मुलींची शाळा, सगळं आखलं होतं. मशिदीचा मिनार त्या भागातल्या जुन्या पद्धतीचा, बाहेरून जिना असलेला. विटांसाठी माती काढली की खड्डे पडतात, त्यात पाणी साचतं आणि रोगराई होते, हे फतही यांना ठाऊक होतं. म्हणून माती एकाच जागेवरून काढायची आणि त्या खड्ड्याचा स्वच्छ पाण्याचा तलाव करायचा, अशी योजना त्यांनी केली. पोरांनी बिल्हार्झियाच्या कालव्यात पोहण्यापेक्षा इथे पोहावं, असा हेतू.

शाळेचं बांधकाम तर आम्ही शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावं असं आहे. छतावर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून एक उंच धुराड्यासारखा भाग ठेवला. अरबीत त्याला मलकफ म्हणतात, म्हणजे वारा पकडणारा. वरचा वारा त्यातून खाली येतो. वाटेत ओल्या कोळशाच्या तबकांवरून जातो, धूळ झडते, हवा गार होते आणि मग वर्गात येते. यामुळे वर्गाचं तापमान सुमारे १० अंशांनी उतरत असे. वीज नाही, पंखा नाही. आपल्याकडे पत्र्याच्या वर्गात एप्रिलची परीक्षा देणारी मुलं पाहिली की हा मलकफ आठवतो.

जुन्या कैरोच्या घरांतली मश्रबियाही फतही यांनी मनापासून अभ्यासली. मश्रबिया म्हणजे लाकडी गोल तुकड्यांची जाळीदार खिडकी. ऊन अडतं, वारा येतो, आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. तिथेच पाण्याचा माठ ठेवायचा, म्हणजे पाणीही गार आणि झुळूकही गार. सुंदर नक्षी म्हणून आपण जिच्याकडे पाहतो, ती खरं तर घर थंड ठेवायची युक्ती होती.

गाव का वसलं नाही?

एवढं सगळं असूनही नवं गुर्ना पुरं झालं नाही. तीन वर्षांत काम रेंगाळत गेलं आणि १९४८च्या सुमारास थांबलं. ठरलेल्या घरांपैकी थोडीच उभी राहिली.

एक कारण कचेरीचं. विटांसाठी पेंढा घ्यायचा तरी मंजुरीचे कागद फिरायचे, मजुरीचे पैसे अडायचे. ज्या कामात स्वस्त माती हे मोठं भांडवल, तिथे वेळ हाच सगळ्यांत महाग झाला.

दुसरं कारण स्वतः गावकरी. त्यांना डोंगर सोडायचाच नव्हता. डोंगर सोडला की रोजी गेली, आणि बदल्यात काय मिळणार तर घर! रोजगाराशिवायचं घर कोणाला हवंय? फतही यांनी विणकाम, कुंभारकाम असे धंदे सुरू करायचा विचार केला होता, पण तो पुरेसा उभा राहिला नाही. विरोध इतका वाढला की पुराचं पाणी अडवणारा बांध मुद्दाम फोडून नव्या गावात पाणी सोडलं गेलं. आणखी एक गोष्ट. त्या भागात घुमट म्हटला की लोकांना कबर, दर्गा आठवायचा. जिवंत माणसांनी घुमटाखाली झोपायचं, हे अनेकांना रुचलं नाही.

फतही यांच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण आम्हाला वाटतं की चूक थोडी त्यांच्या बाजूलाही होती. प्रत्येक कुटुंबाचं घर वेगळं असावं, हा त्यांचा आग्रह खरा होता. पण घरात दिवसभर वावरणाऱ्या बायकांशी त्यांचं बोलणंच झालं नाही. तिथल्या रिवाजात परक्या पुरुषाला ते शक्य नव्हतं, आणि ही उणीव त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तरी त्यावर वाट काढता आली असती. पाण्याचंच घ्या. घरोघरी नळ देण्यापेक्षा पाणवठ्यावर जाण्याची जुनी रीत टिकावी, असा त्यांचा कल होता, कारण मुलीबाळींना तेवढंच बाहेर पडायला मिळतं, चार शब्द बोलता येतात. विचार प्रेमाचा आहे. पण डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चाललेल्या आपल्या आजीला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? कोणासाठी घर बांधतोय, त्याला विचारल्याशिवाय बांधलं तर चांगलं घरही परकं वाटतं.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे दुरून पाहावं लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ रांगा, सिमेंटची घरं. जीव वाचवणारं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट. पण जुन्या गावातली आळी आणि शेजार तसाच्या तसा परत मिळाला का, हे तिथल्या माणसांना विचारावं. आणि किल्लारीनं दुसरीही गोष्ट शिकवली. दगडाच्या जाड भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर मातीचं जड छप्पर, अशी घरं भूकंपात माणसांवरच कोसळली. म्हणून फतही यांचं नाव घेऊन उद्या कोणी मनानं मातीचं घर बांधू नये. आपल्या भागातली जमीन, पाऊस, भूकंपाचा धोका पाहून, जाणकार इंजिनियरला विचारूनच बांधावं. फतही यांचा धडा विचार करायचा आहे. इजिप्तची नक्कल करा, असा नाही.

परदेश, परती आणि मान

गुर्नाचं काम बंद पडल्यावर फतही निराश झाले. १९५७ साली ते अथेन्सला गेले आणि दोक्सियादिस या ग्रीक नगररचनाकाराच्या संस्थेत काम करू लागले. तिथून इराक, पाकिस्तान अशा देशांतल्या घरबांधणीच्या योजनांशी त्यांचा संबंध आला. १९६२च्या सुमारास ते कैरोला परतले.

१९६४ साली कैरोत एक साधा प्रयोग झाला. एक खोली ५० सेंटीमीटर जाड मातीच्या भिंतींची आणि मातीच्याच कमानीच्या छताची. दुसरी १० सेंटीमीटर काँक्रीटची. दिवसरात्र तापमान मोजलं. मातीच्या खोलीत चोवीस तासांत जेमतेम २ अंशांचा फरक पडला. काँक्रीटची खोली मात्र दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापली. आजी जे सांगत होती ते थर्मामीटरनंही सांगितलं.

पुढे वाळवंटातल्या खारगा मरूद्यानात बारीस नावाचं नवं गाव त्यांनी आखलं. तिथल्या बाजारात वारा पकडणारे मनोरे आणि तळघरं केली, म्हणजे भाजीपाला आणि फळं वीज नसतानाही टिकावीत. १९६७चं युद्ध झालं आणि तेही काम अर्धवट थांबलं. मोठी दोन गावं हाती घेतली आणि दोन्ही अपुरी राहिली. दुसरा असता तर गप्प बसला असता.

फतही यांनी गुर्नाची सगळी हकीकत लिहून काढली, यश आणि अपयश दोन्ही. १९६९ साली कैरोत ते पुस्तक निघालं तेव्हा फार कोणाच्या हाती पडलं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठानं ते ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावानं छापलं आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांनी ते वाचलं. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले होते. वीज आणि तेल न जाळता घर थंड कसं ठेवायचं, हा प्रश्न आता श्रीमंत देशांनाही पडला होता. ज्या गोष्टीला लोक मागासलेपणा म्हणत होते, तिला पुढे शाश्वत वास्तुकला असं भारदस्त नाव मिळालं.

१९८० साली त्यांना आगा खान वास्तुकला पुरस्कारांत अध्यक्षांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही मिळाला. १९८४ साली वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपलं पहिलं सुवर्णपदक त्यांना दिलं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अबिक्यू इथे ‘दार अल इस्लाम’ची मशीद त्यांनी आखली. ऐंशी वर्षांचे फतही त्यासाठी नुबियाच्या गवंड्यांना घेऊन तिथे गेले. ज्या कारागिरांना कधी कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी अमेरिकेत उभं राहून मातीचा घुमट कसा बांधायचा ते दाखवलं.

शेवटची वर्षं त्यांनी कैरोच्या किल्ल्याजवळ दर्ब अल लब्बाना या गल्लीतल्या जुन्या घरात काढली. घरात पुस्तकं, मांजरी आणि देशोदेशीचे विद्यार्थी. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचं निधन झालं. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

आपल्यासाठी काय?

नव्या गुर्नातली बरीच घरं पडली, काहींवर काँक्रीटचे मजले चढले. २०१० साली जगभरातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या गावाचं नाव आलं. त्यानंतर युनेस्कोच्या मदतीनं डागडुजी सुरू झाली. मशीद मात्र या सगळ्या काळात उभी आहे आणि तिथे नमाज होते.

दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना आम्ही एवढंच सांगू. आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक यापलीकडे नजर जात नाही. ज्या मुलाला चित्रकला आवडते आणि गणितही बरं जमतं, त्याला वास्तुकलेची वाट दाखवा. बारावीनंतर नाटा ही प्रवेश परीक्षा आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम. मुलींसाठी तर हे क्षेत्र फार चांगलं. घरात कुठे कोंडतं, कुठे धूर होतो, कुठे पाय घसरतो, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. गुर्नाच्या बायकांशी जे बोलणं राहून गेलं, ते त्या करू शकतील.

आणि ज्यांचं घर सध्या बांधायचं चाललं आहे, त्यांनीही थोडं थांबून विचार करावा. पश्चिमेची भिंत किती तापणार? समोरासमोर खिडक्या ठेवून वारा आरपार जाईल का? छतावर पांढरा चुना मारता येईल का? अंगणात एका कडुनिंबाला जागा सोडता येईल का? यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च नाही. मिस्त्रीला बोलवाल तेव्हा घरातल्या बायकांनाही बसवा आणि आधी त्यांचं ऐका. पाया खणण्याआधी हे झालं तर बरं, कारण स्लॅब पडल्यावर काही बदलता येत नाही.